‘सगळे तयार भाग! यात तू काय केलेस?’

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. एका टेबलावर नववीतली एक मुलगी प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेले यंत्र घेऊन उभी होती. डब्यातून एक वायर घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरकडे गेली होती. पलीकडच्या बाकावर संगणक होता. पण संगणक आणि डबा यांच्यामध्ये काहीच जोडलेले नव्हते. तिने संगणकावर कळ दाबली आणि स्पीकरमधून सतारीचे सूर इतके स्वच्छ ऐकू आले की, शेजारच्या टेबलांवरची मुलेही गोळा झाली. आम्ही तिघे परीक्षक. आमच्यापैकी एकाने डबा उघडून आत पाहिले आणि विचारले, ‘‘सगळे तयार भाग! यात तू काय केलेस?’’ मुलगी गप्प राहिली. आम्ही तिला दहापैकी चार गुण दिले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या ज्वालामुखीला त्याच दिवशी सात मिळाले! त्या कागदावर माझीही सही आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आज त्याच प्रश्नाविषयी तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी थोडे बोलायचे आहे. प्रश्न अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. असे यंत्र काहीही न समजता जोडता येते, हे खरे आहे. रास्पबेरी पाय हा पत्त्याएवढा संगणक २०१२ साली केंब्रिजच्या एका संस्थेने मुलांना संगणक शिकता यावा म्हणून बाजारात आणला. या कामाला त्याचा धाकटा भाऊ, २०२१ साली आलेला झीरो २ डब्ल्यू, पुरतो. त्याच्या कार्डावर तयार प्रोग्रॅम चढवायचा, अंकांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी छोटी पट्टी, म्हणजे डॅक, त्याला जोडायची, की झाले. सूचना वाचून अर्ध्या दिवसात गाणे वाजते. पण प्रदर्शनाहून परतल्यावर मन खाऊ लागले, म्हणून मी स्वतः ते करायला बसलो, आणि माझे तीन आठवडे गेले.

संगणकातले गाणे म्हणजे अंकांची रांग. सीडीच्या पद्धतीत एका सेकंदाला प्रत्येक बाजूसाठी, डाव्या आणि उजव्या, ४४,१०० अंक असतात आणि प्रत्येक अंक १६ बिटांचा असतो. गुणाकार करून पाहा: सेकंदाला १४,११,२०० बिट. आता ४४,१०० हाच आकडा का? माणसाच्या कानाला जास्तीत जास्त २०,००० च्या आसपास कंप्रता ऐकू येते आणि कोणतीही कंप्रता पकडायला तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते, हे अर्धे उत्तर. मग सरळ ४४,००० किंवा ४५,००० का नाही? त्याचे कारण भारी गमतीचे आहे. त्या काळी अंकीय ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या एका रेषेवर तीन अंक बसत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. युरोपच्या पद्धतीत २९४ रेषा, सेकंदाला ५० वेळा. दोन्ही गुणाकार वहीत करा. उत्तर एकच येते! १९८२ साली सीडी विक्रीला आली तेव्हा तिने हा आकडा सोबत आणला आणि तो आजही तुमच्या गाण्यात आहे.

आता त्या पट्टीकडे येऊ. मी पीसीएम ५१०२ या चिपची पट्टी घेतली. पायकडून तिच्याकडे संकेताच्या तीन वायरी जातात. एक बिटांचे ठोके देते, दुसरी ‘आता डावा, आता उजवा’ असे सांगते आणि तिसरीवरून प्रत्यक्ष अंक जातात. फिलिप्स कंपनीने १९८६ साली आखून दिलेली ही रीत आहे. याखेरीज पाच व्होल्टची एक आणि ग्राउंडची एक वायर. मात्र पट्टीवर आणखी एक जागा असते, मुख्य घड्याळाची. पाय हे घड्याळ देत नाही. ती जागा ग्राउंडला जोडली, तर चिप बिटांच्या ठोक्यांवरून आपले घड्याळ आतल्या आत तयार करते. मी ती मोकळी सोडली होती. दोन संध्याकाळी खरखर ऐकण्यात गेल्या. प्रोग्रॅम बदलला, कार्ड बदलले, पट्टीला शिव्या दिल्या. शेवटी चिपचे माहितीपत्रक वाचले, तेव्हा उलगडा झाला.

याहून मोठा धडा पुढेच होता. वायफायवरून अंक एकसारखे येत नाहीत. एकदम लोंढा येतो, मग क्षणभर काहीच नाही, नळाच्या पाण्यासारखे. आपण काय करतो? गच्चीवर टाकी बांधतो. यंत्रातही अशी टाकी असते, तिला बफर म्हणतात. अर्धा सेकंद वायफाय अडले, तर ८८,२०० बाइट शिल्लक असले म्हणजे गाणे तुटत नाही. इतपत सगळ्यांना समजते. पण समजा, संगणक आपल्या घड्याळाने अंक ढकलत आहे आणि यंत्र आपल्या घड्याळाने वाजवत आहे. दोन्ही घड्याळे क्वार्ट्झचीच; फरक दशलक्षात फक्त ५०. म्हणजे सेकंदाला दोन अंकांचा फरक. किरकोळ वाटतो ना? तासात तो ७,९३८ अंकांवर जातो. टाकीत दशांश सेकंदाचा साठा असेल, तर सुमारे ३३ मिनिटांत टाकी कोरडी पडते किंवा वाहू लागते. पहिले गाणे छान वाजते, पाचवे-सहावेही वाजते आणि मग अचानक ‘टक्’ असा आवाज येतो. यावर उपाय असा की, संगणकाने ढकलायचे नाही. यंत्राने आपल्या घड्याळाप्रमाणे लागेल तेवढे मागून घ्यायचे. एमपीडी नावाचा मुक्त प्रोग्रॅम पायवर बसवून त्याला संगणकावरच्या फायली वाचायला दिल्या, तर तो नेमके हेच करतो. तयार भागांच्या डब्यात काय करायचे राहते, असे विचारणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः मांडावे.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण पालकांच्या खिशाचा प्रश्न आहे. या छंदात शिरलात, की कोणीतरी तुम्हाला हजारो रुपयांची नेटवर्क केबल घ्यायला सांगेल. म्हणे तिच्यामुळे आवाज ‘गोड’ होतो. संगणकावरची फाइल आणि यंत्रावर पोचलेली फाइल यांची बेरीज-तपासणी करून पाहा. साध्या केबलनेही एकूण एक बिट जसाच्या तसा पोचतो. वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो आणि मग सारे अंक टाकीत थांबून यंत्राच्या घड्याळानेच बाहेर पडतात. आवाज बिघडतो तो बहुधा डॅकच्या पुढे: खराब चार्जरची कुरकुर, ग्राउंडच्या वेटोळ्यातून येणारी ५० हर्ट्झची घुरघुर, नाहीतर सुमार स्पीकर. पैसे घालायचेच तर तिथे घाला.

तरीही कोणी ‘मला फरक ऐकू येतो’ म्हणाले, तर वाद घालू नका, प्रयोग करा. मित्राला पडद्यामागे बसवा. त्याने नाणे उडवून केबल निवडावी, तुम्ही ओळखावी, असे दहा वेळा. आवाजाची पातळी दोन्ही वेळा अगदी सारखी ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. दहापैकी सात बरोबर आले म्हणून नाचू नका. नुसत्या अंदाजानेही सात किंवा अधिक येण्याची शक्यता १,०२४ मध्ये १७६ आहे. नऊ किंवा अधिकची १,०२४ मध्ये फक्त ११. तेव्हा मात्र मी तुमचे म्हणणे ऐकेन.

‘पण बाजारात तयार यंत्रे मिळतात, मग हा खटाटोप कशाला?’ असे पालक विचारतात. कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ साली असे एक यंत्र आणले. पुढे त्याच्या वंशजांना स्क्वीझबॉक्स हे नाव मिळाले. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली, २०१२ साली उत्पादन थांबले आणि २०२४ साली इंटरनेटवरची सेवाही बंद झाली. पण संगणकावर चालणारा त्याचा प्रोग्रॅम पहिल्यापासून मुक्त होता. हौशी लोक तो आजही सांभाळतात आणि जुनी यंत्रे वाजत राहतात. रास्पबेरी पायलाही तो आपलेसे करतो. ज्या यंत्राचे झाकण आणि प्रोग्रॅम दोन्ही उघडता येतात, त्याचे आयुष्य दुकानदाराच्या मर्जीवर नसते.

एक ताकीद. घरच्या २३० व्होल्टच्या ॲम्प्लिफायरचे झाकण उघडू नका. तुमचे काम पाच व्होल्टच्या अलीकडेच संपते. आणि पहिल्यांदा सुरू करताना आवाजाची कळ शून्यावर ठेवा, हेडफोन कानाला लावू नका. चुकलेली वायर कानठळ्या बसवते.

शिक्षकांना माझी सूचना आहे की, ‘काय केलेस’ हे विचाराच, पण विचारून थांबा. एक वायर काढायला सांगा आणि काय होईल ते आधी बोलायला लावा. वायफाय दहा सेकंद बंद करा, गाणे किती वेळ चालते ते मोजायला सांगा. त्यावरून टाकी केवढी आहे ते मुलांना काढता येते. ज्याने नुसते जोडले आहे तो इथे अडखळेल, आणि अडखळला तरी काही बिघडले नाही; तिथून शिकवायला सुरुवात करता येते.

प्रदर्शनाच्या दिवशी काढलेला त्या डब्याचा फोटो माझ्याजवळ आहे. परवा मोठा करून पाहिला. मुख्य घड्याळाच्या जागेवरून ग्राउंडकडे जाणारी बोटभर काळी वायर त्यात स्पष्ट दिसते. ती तिला कशी सापडली, हे आम्ही विचारलेच नाही.