'राग आवर' हे कुणाला सांगताय?

सहावी ते आठवीच्या मुलांना खेळाच्या तासाला समानुभूती आणि रागावर ताबा शिकवावा, असं आता शिक्षणक्षेत्रात बोललं जातं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'समानुभूती' आणि 'भावनांचं समायोजन' ही जीवनकौशल्यं कधीपासूनच आहेत. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य यांना स्वतंत्र विषयक्षेत्राचा दर्जा दिला. या कल्पनेला माझा पाठिंबा आहे. फक्त आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. मैदानावर राग कुणी आवरायचा आणि समजून कुणी घ्यायचं?

यावर लगेच ऐकू येतं, "अहो, खेळात कुठे जात असते? मुलं एकत्र खेळली की भेद आपोआप मिटतो." पुण्याचाच इतिहास या विधानाला खोटं ठरवतो.

पी. बाळू म्हणजे पळवणकर बाळू, चर्मकार समाजातले महान फिरकी गोलंदाज. 1890 च्या दशकात ते पुण्यात युरोपियनांच्या क्लबच्या मैदानावर महिना चार रुपयांवर राबायचे. खेळपट्टीवर रोलर फिरवायचे, जाळ्यात साहेबांना तासन् तास गोलंदाजी करायचे. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतलं. मैदानात सगळ्यांच्या हाती तोच चेंडू होता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. बाळूंचं पुढचं राजकारण आपल्याला पटणारं नाही. 1937 च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. पण त्या मातीच्या भांड्याचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. एकत्र खेळून संघाला बळी मिळाले, माणुसकी मिळाली नाही. ती वेगळी शिकवावी लागते.

आज ते भांडं दिसत नाही, पण त्याची कामं इतर गोष्टी करतात. येरवडा, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट अशा वस्त्यांतून शाळेत जाणाऱ्या मुलांशी बोलून बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलाला 'फ्रीवाला' म्हणतात. दोन कॅप्टन एकेक गडी निवडतात तेव्हा शेवटी उरणारी मुलं बहुतेक वेळा ठरलेली असतात. चुना टाकून रेघा मारायला, साहित्य उचलायला कुणाला पाठवतात आणि दप्तरं सांभाळायला कुणाला बसवतात, तेही पाहा. दप्तरांपाशी बहुधा मुलीच दिसतील.

मग एखाद्या दिवशी तो 'फ्रीवाला' समोरच्याला ढकलतो. सरांना ढकलणं दिसतं. त्याआधीचा शब्द त्यांनी ऐकलेला नसतो. मुलाला मैदानाला दहा फेऱ्या मारायची शिक्षा होते. नव्या पद्धतीत कदाचित सांगतील, "डोळे मीट, दीर्घ श्वास घे, सॉरी म्हण." शिक्षा सौम्य झाली, एवढंच. अपमान करणारा तसाच मोकळा आणि अपमान झालेला पोरगा 'रागीट'. याला भावनांचं समायोजन म्हणत असाल, तर ते मुकाट सोसायला शिकवणं आहे.

म्हणून मुलांना मोकाट राग शिकवायचा का? अजिबात नाही. राग कसा वापरायचा हे आपल्या चळवळीइतकं कुणी दाखवलं आहे? 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेले लोक होते, प्रतिहल्ला त्यांना अवघड नव्हता. बाबासाहेबांनी त्यांना रोखलं. पण अपमान विसरा, असं ते म्हणाले नाहीत. तळ्याचा दावा लढवत नेला आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. क्रिकेटमध्येही उदाहरण आहे. 1920 च्या चौरंगी स्पर्धेत विठ्ठल पळवणकरांना पात्रता असून कर्णधारपद नाकारलं, तेव्हा ते आणि त्यांचे भाऊ शिवराम संघाबाहेर पडले आणि त्याचं कारण त्यांनी जाहीरपणे सांगितलं. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. राग आवरणं म्हणजे राग गिळणं नव्हे. हात थांबवायचा, तोंड उघडायचं आणि आक्षेप नोंदवायचा.

हेच बारा वर्षांच्या मुलाला शिकवता येतं, तेही फार खर्च न करता. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा. कॅप्टन दर आठवड्याला बदला, मुलींसकट. रेघा मारणं, साहित्य उचलणं, पाणी भरणं यांच्या पाळ्या लावा. कुणीही हात वर करून "थांबा" म्हटलं की खेळ थांबेल, असा नियम करा. मग आधी काय बोललं गेलं ते विचारा, नंतर काय घडलं ते. तास संपताना पाच मिनिटं गोल करून बसा. प्रत्येकानं समोरच्या संघातल्या एकाचा चांगला खेळ सांगायचा. दुसऱ्याच्या यशात आनंद मानण्याला बुद्धांनी मुदिता म्हटलं आहे. आणि समानुभूतीचा पहिला धडा ज्याच्या हातात बॅट आहे, ज्याची निवड आधी होते, त्याला द्या.

हे करणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरच्या वर असेल तरच, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक आहे, आणि तोही अंशकालीन. मैदान मात्र प्रत्येक शाळेला बंधनकारक आहे. मग आपल्या भागातल्या शाळेत मैदान आणि निदेशक आहेत का, हे आपण विचारायला हवं. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यात प्रमाणात जागा आहे. त्या जागांवर आपले किती पालक आहेत? असतील तर खेळाच्या तासाचा विषय त्यांनी कधी काढला का?

सुरुवात आपल्या घरातूनही करता येईल. जयंतीनिमित्त आपण भरवतो त्या क्रिकेट स्पर्धांत मुलींचे संघ किती असतात? हरल्यावर शिवीगाळ आणि पंचाच्या अंगावर धावून जाणं आपल्याकडे होत नाही का? शाळेला जाब विचारणाऱ्यांनी आधी आपलं मैदान नीट करावं.

परिपाठाला मुलं रोज संविधानाची उद्देशिका वाचतात. तिच्यातली बंधुता व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडलेली आहे. खेळाच्या तासाला जो मुलगा शेवटपर्यंत निवडला जात नाही, त्याला त्या शब्दाचा अर्थ कोण सांगणार?

जय भीम!