लोणावळ्यातील सोनेरी मोरपंखी

तुंगार्ली, वळवण आणि खंडाळा या टापूत गेल्या काही दशकांत शनिवार-रविवारपुरती उघडणारी जी घरे उभी राहिली, त्यांच्या फाटकापासून पायरीपर्यंत दुतर्फा लावलेली, गुडघ्याएवढी, लांबट गोल आकाराची सोनेरी मोरपंखी आता या गावाच्या ओळखीचा भाग होऊन बसली आहे. आणि मृगापूर्वी पोपटी-सोनेरी झळकणारी हीच रांग घटस्थापनेपर्यंत ठिकठिकाणी तांबूस पडते, आतून वाळते, अखेरीस उपटून कुंपणापलीकडे टाकली जाते व तिच्या जागी तशीच दुसरी रांग येते, हाही एक शिरस्ताच पडून गेला आहे. माझा विरोध या शिरस्त्याला आहे, झाडाला नाही. छोट्या बागेत ज्यांना खुशाल एक जागा द्यावी अशा मोजक्या शोभेच्या झाडांत मी या ठेंगण्या मोरपंखीची गणना करतो, आणि म्हणूनच तिला हंगामी सजावटीचे सामान समजून वागवले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे झाड मूळचे चीन-कोरियाकडचे. लिनियसने १७५३ साली त्याची नोंद थुजा या प्रजातीत केली आणि पुढे १९४९ मध्ये फ्रँको या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला प्लॅटिक्लॅडस या स्वतंत्र प्रजातीत स्थान दिले. तरी आपल्या रोपवाटिकांत ‘थुजा’ हेच नाव अद्याप चालते. बीजिंगच्या जुन्या मंदिरांच्या आवारात याच जातीचे शतकानुशतके वाढलेले वृक्ष आजही उभे आहेत. आपण फाटकाशी लावतो ती ‘ऑरिया नाना’ म्हणजे याच दीर्घायुषी वृक्षाची, निवडीने राखलेली आणि छाटकलमांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली ठेंगणी शाखा होय. हातात उभे धरलेल्या पानांच्या गड्डीप्रमाणे तिचे चपटे पिसारे एकमेकांस समांतर उभे असतात, आणि त्यांच्या कडांवर जेथे नवी वाढ होते तेथेच हरितद्रव्य कमी असल्यामुळे ते सोने उमटते. शाळेच्या वहीत ‘विद्या’ म्हणून जपून ठेवलेले मोरपंखीचे पान ज्यांना आठवते, त्या आमच्यासारख्यांना या झाडाविषयी वाटणारी माया निराळी सांगायला नको.

परंतु मायेने मुळे जगत नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या या उत्तर भागात सूचिपर्णी वर्गातील एकही वृक्ष मूळचा नाही. दक्षिणेकडे, थेट केरळ-तमिळनाडूच्या घाटरानांत गेल्यावर त्या वर्गातील एकच देशी वृक्ष आढळतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या दऱ्याखोरी पायांखाली घालून १९५३ साली तेथील वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या मुलखाच्या वनसंपत्तीचा अस्सल दस्तऐवज मानावा लागेल, आणि त्यातील कारवी काय किंवा सोनकी काय, प्रत्येक वनस्पती येथील पावसाच्या कसोटीस उतरून राहिलेली आहे. मोरपंखीला ती कसोटी ठाऊक नाही. बीजिंगला वर्षभरात सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्याची सरासरी चार हजारांच्या वर जाते, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो.

तरीही पावसाने झाड मरते असे म्हणणे पुरते खरे नव्हे. पानांवर कितीही पाणी पडले तरी मोरपंखीचे फारसे बिघडत नाही. तिला सोसत नाही ते मुळांभोवती तुंबणारे पाणी, कारण त्यामुळे मातीतील हवा नाहीशी होते, आणि मग फायटोफ्थोरासारखे मूळकूज आणणारे रोगजंतू मोकाट सुटतात. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळशी रोपे आंध्रातील कडियमकडून आलेली असतात. पिशवी फाडून पाहिले तर आत मुठीने फुटणार नाही असा चिकट लाल मातीचा गोळा निघतो. त्यातून चार-दोन जाड मुळे कडेने वळसे घेत गेलेली असतात आणि मधल्या भागात मुळांचा मागमूसही नसतो. दूरच्या प्रवासात रोप टिकावे म्हणून तो गोळा बांधण्यात गैर काही नाही. पण तोच गोळा जसाच्या तसा लोणावळ्याच्या खड्ड्यात ठेवून वर माती लोटली, की आषाढात तो पाणी धरून बसतो आणि झाड आतल्या आत गुदमरते. याहून वाईट म्हणजे, मुळे कुजलेल्या झाडाची पाने तहानलेल्या झाडासारखीच तांबूस व निस्तेज दिसतात, म्हणून घरचा माणूस पाऊस उघडताच त्याला आणखी पाणी घालतो.

पाण्याचा हा बंदोबस्त कसा करावा हे शिकायला मावळाबाहेर जावे लागत नाही. तळेगाव दाभाडे, कामशेत, पवन मावळ या पट्ट्यांत ज्यांनी गुलाबाची हरितगृहे उभारली, त्या शेतकऱ्यांनी सपाट जमिनीवर कधीही लागवड केली नाही. उंच गादीवाफे, निचरा होणारी माती आणि दोन वाफ्यांमधून पाण्याला मोकळी वाट, हा त्यांचा पहिला नियम आहे. मोरपंखीसाठी तेवढेच हवे. दीड फूट उंच आणि चार फूट रुंद असा मुरूम, विटांचे तुकडे व पालापाचोळ्याचे कुजलेले खत यांचा उंचवटा करावा, रोपाचा लाल गोळा बादलीभर पाण्यात भिजवून बोटांनी हलकेच सोडवावा, वळसे घेतलेली मुळे मोकळी करून पसरावी, आणि खोडाचा गळा मातीवर दोन बोटे राहील अशा बेताने रोप बसवावे. उन्हाळ्यात पाण्यासाठी केलेले आळे मृगापूर्वी न चुकता मोडून टाकावे. पागोळीखाली हे झाड कदापि लावू नये. आणि लोणावळ्यातील कित्येक बंगल्यांत ते नेमके तेथेच, भिंतीच्या शोभेसाठी, लावलेले आढळते.

लागवडीचा काळ हा तर सर्वांत दुर्लक्षिलेला तपशील आहे. पहिला पाऊस पडला की झाडे लावावीत हा आपला संस्कार रानातल्या झाडांसाठी योग्य आहे; या झाडासाठी मात्र पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर उत्तम, कारण मग पुढच्या जूनपर्यंत मुळांना आठ महिन्यांची मुदत मिळते. जागा भर उन्हाची हवी. चार महिने आभाळ झाकलेले राहणाऱ्या गावात उरलेल्या महिन्यांचे ऊनही सावलीने हिरावून घेतले, तर सोनेरी कडा हिरव्या होतात आणि झाड घेण्याचा हेतूच उरत नाही. पश्चिमेच्या वाऱ्याने पिसारे फाकू लागले तर जुन्या सुती कापडाची पट्टी सैल गुंडाळावी. एप्रिल-मे महिन्यांत फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर हलणारे बारीक ठिपके दिसले तर तो लाल कोळी समजावा आणि झाड आतून-बाहेरून पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुऊन काढावे. आतली जुनी पाने तपकिरी होऊन गळतात तो मात्र रोग नव्हे. ती हाताने झाडून काढली की पुरे. छाटणी हिरव्या भागापुरतीच करावी, कारण पाने नसलेल्या जुन्या लाकडाला पुन्हा फुटवा येत नाही.

इतकी काळजी एका झाडाची घेता येते, बारांची नाही, आणि माझ्या म्हणण्याचा सारा भर येथेच आहे. छोट्या बागेला रांग नको, एकच मोरपंखी हवी. तिला सर्व बाजूंनी ऊन मिळावे आणि पाहणाऱ्याला सर्व बाजूंनी ती दिसावी. विदेशी म्हणून तिला बागेत थाराच देऊ नये, असे काही निसर्गप्रेमी म्हणतात. त्यांची कळकळ मी जाणतो, परंतु घाणेरीप्रमाणे मोरपंखी रान बळकावत नाही. तिच्या रांगेने अडवलेली जागा मोकळी झाली, तर तेथे कारवी, कुडा, करवंद यांना राहता येईल आणि भाद्रपदात पठारांवर पसरणारी सोनकीची पिवळाई कुंपणाच्या आतही येईल.

यासाठी मालक, माळी आणि रोपवाटिका या तिघांच्या व्यवहाराची रीत बदलली पाहिजे. मालक महिन्यातून दोनदा येतो, आल्यावर त्याला सारे टवटवीत दिसले पाहिजे, म्हणून माळी नवे रोप आणतो. त्यात माळ्याचा दोष नाही, कारण झाड जगवण्याबद्दल त्याला कोणी मोबदला देतच नाही. ठेक्यात नव्या रोपांची रक्कम कमी करून, पावसाळा पार केलेल्या झाडामागे काही रक्कम ठरवली, तर तोच माळी पन्हळी खोदू लागेल. रोपवाटिकांनीही रोप छाटकलमाचे आहे की बियांचे, हे चिठ्ठीवर लिहून दिले पाहिजे. कारण बियांपासून केलेली मोरपंखी ठेंगणी राहण्याची हमी नसते, आणि ठेंगणी म्हणून विकत घेतलेले झाड काही वर्षांत पहिल्या मजल्याच्या सज्ज्यापर्यंत गेले तर त्याच्यावर कुऱ्हाड चालते. नगरपरिषदेनेही आपल्या एखाद्या उद्यानातील उन्हाचा कोपरा निवडून तेथे उंचवट्यावर एक मोरपंखी लावावी, आणि शेजारच्या फलकावर लागवडीची तारीख, मातीचे प्रमाण आणि झाडाने काढलेल्या पावसाळ्यांची संख्या दरवर्षी मांडत जावी.