मुलगी नक्की करते काय?

गेल्या महिन्यात आमच्या विंचूरच्या घरी पुतणीला पाहायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने विचारले, "मुलगी काय करते?" ती तोंड उघडणार तोच मोठे भाऊजी म्हणाले, "इंजिनिअर आहे." तसे खोटे नव्हते, पदवी तीच. पण गेली चार वर्षे ती नाशिकला इमारतींच्या कामावर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मीही तिथेच बसले होते, पण गप्प राहिले. मंडळी गेल्यावर कपबशा विसळता विसळता ती म्हणाली, "काकू, बाबांना माझ्या कामाची लाज वाटते का गं?"

भाऊजींचे म्हणणे असे, "डॉक्टर औषध देतो, वकील कोर्टात उभा राहतो. ही नुसती दुसऱ्यांना कामं सांगते. त्याला का पेशा म्हणायचं?"

त्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे हो! वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, चार्टर्ड अकाउंटंटसाठी १९४९ चा. सनदेशिवाय वकिली करता येत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरला आपल्याकडे असा कायद्याचा परवाना लागत नाही. उद्या कुणीही दारावर तशी पाटी लावू शकतो.

पण परवाना नाही म्हणून विद्याच नाही, असे कसे म्हणायचे? अमेरिकेत या कामाची संस्था १९६९ साली निघाली. तिची 'पीएमपी' परीक्षा १९८४ पासून होते. नुसत्या पाठांतरावर तिला बसता येत नाही, कामाचा अनुभव दाखवावा लागतो आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्र चालू ठेवण्यासाठी शिकत राहावे लागते. ब्रिटनमध्ये तर २०१७ साली अशा संस्थेला राजसनदही मिळाली.

आपल्या कोकण रेल्वेचेच पाहा ना. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. प्रमुख ई. श्रीधरन स्वतः इंजिनिअर. पण हजारो लोकांकडून जमीन घेणे, पैसा उभा करणे, कुठला बोगदा आधी हाती घ्यायचा हे ठरवणे, हे काही नुसत्या पुलाच्या गणिताने होत नाही. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती सारखी ढासळत होती. एवढा एक तुकडा अडला, तर बाकी रूळ तयार असूनही गाडी सलग कशी धावणार?

हेच आपल्या भाषेत सांगते. उन्हाळ कांदा काढला की तो सुकवायचा, पात कापायची, निवडायचा आणि मग चाळीत भरायचा. यात एकही पायरी गाळता येत नाही. चाळीची डागडुजी मात्र कांदा जमिनीत असतानाच उरकता येते. ती मागे ठेवली, तर काढलेला कांदा उघड्यावर पडतो आणि अवकाळी पाऊस गाठतो. कुठले काम थांबू शकते आणि कुठले नाही, हे आधी ओळखणे हीच या विद्येची किल्ली.

म्हणजे आपण सगळ्याच प्रोजेक्ट मॅनेजर झालो का? नाही हं! घरचे एक लग्न पार पाडले म्हणून तो पेशा होत नाही, जसे काढा करून दिला म्हणून आपण डॉक्टर होत नाही. परक्याचा पैसा, शेकडो माणसे, ठरलेली मुदत आणि चुकले तर जाब आपल्याला, ही जबाबदारी शिकून-सवरून वर्षानुवर्षे पेलली, की माझ्या मते तो पेशाच.

तुमच्या घरात अशी लेक किंवा सून असेल, तर एक करा. तिच्या कामाला जुन्या पदवीचा पदर पांघरू नका. "रुग्णालयाची इमारत ठरल्या वेळेत, ठरल्या पैशात उभी करून देते" असे साधे सांगा, कुणालाही कळते.

आणि त्याहून बरे म्हणजे, तिचे तिलाच सांगू द्या. पुढच्या वेळी मी भाऊजींच्या शेजारीच बसणार आहे.