विश्लेषण : डोंगरावरचे इंटरनेट पहाटेच का बंद पडते?

खांबावर वायरलेस रेडिओ, शेजारी सौर पॅनेल, खाली बॅटरी. वीज न पोहोचलेल्या डोंगराळ वस्त्यांना अशा जोडणीतून इंटरनेट देता येते. ते पहाटे बंद पडले की संशय पॅनेलवर जातो आणि आणखी एक पॅनेल मागवले जाते. दोष मात्र अनेकदा व्होल्टेजच्या नियोजनात असतो.

‘१२ व्होल्ट’ म्हणजे नेमके किती?

बारा हे फक्त नाव. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. चार्जिंगच्या वेळी ती १४.४ पर्यंत चढते, तर रात्रभर भार ओढून ११.५ पर्यंत उतरू शकते. म्हणजे रेडिओला दुपारी जास्त आणि पहाटे कमी व्होल्टेज मिळते. घरातल्या अ‍ॅडॉप्टरसाठी बनवलेल्या राउटरला हा चढउतार झेपेलच असे नाही.

केबल किती खाते?

रेडिओची वीज बहुधा नेटवर्क केबलमधूनच जाते. सहा वॅटचा रेडिओ १२ व्होल्टवर किमान अर्धा अँपिअर ओढतो. कॅट-५ई केबलच्या दोन जोड्यांतून ही वीज ५० मीटर नेली, तर दोन व्होल्टहून अधिक वाटेतच जातात. खाली १२ असले तरी वर दहाहून कमी पोहोचतात. तीच वीज ४८ व्होल्टने नेली, तर प्रवाह चौथाई होतो आणि तारेत वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्श्यावर येते.

मग करायचे काय?

बॅटरी आणि रेडिओ यांच्यामध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा. बॅटरीकडून १० ते १५ व्होल्ट काहीही आले, तरी तो रेडिओला लागणारे ठरावीक व्होल्टेज देतो. इन्व्हर्टर मात्र टाळावा. डीसीची एसी आणि एसीची पुन्हा डीसी करण्यात वीज दोनदा वाया जाते. शिवाय छोट्या रेडिओपेक्षा इन्व्हर्टर स्वतःच जास्त वीज खाऊ शकतो.

बॅटरी ११.५ वर आली की भार तोडावा आणि ती १२.६ च्या आसपास चढल्यावरच पुन्हा जोडावा. हे अंतर ठेवले नाही, तर भार सुटताच व्होल्टेज वर येते, रेडिओ सुरू होतो आणि लगेच पडतो. हा खेळ रात्रभर चालतो.

सह्याद्रीतल्या आठ दिवसांच्या झडीत कन्व्हर्टर वीज निर्माण करणार नाही, हे खरे. तिथे बॅटरी मोठीच लागेल. पण मोठी बॅटरी घेऊनही वर दहा व्होल्टच पोहोचणार असतील, तर तो खर्च वाया गेला.

म्हणून निविदेत पॅनेलच्या वॅटबरोबर तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात : रेडिओची व्होल्टेज-मर्यादा, केबलच्या वरच्या टोकाला मिळणारे व्होल्टेज आणि भार तोडण्या-जोडण्याचे आकडे. काम ताब्यात घेताना मोजणीही पहाटे करावी. दुपारच्या उन्हात सगळेच रेडिओ चालतात. गावातल्या रेशन दुकानाचे ई-पॉस यंत्र मात्र ढगाळ सकाळीही चालावे लागते.