राजवाड्यापुढचें कुटुंब

सुट्टीवरून परतलेल्या मंडळींच्या घरीं हल्लीं पाहुण्यास चहाबरोबर आणखी एक गोष्ट हटकून घ्यावी लागते. ती म्हणजे थीम पार्कांतील छायाचित्रें. मोबाइल हातीं येतो आणि एकामागून एक चित्रें सरकूं लागतात: राजवाड्यापुढें चौघे, राजवाड्यापुढें दोघे, राजवाड्यापुढें एकटा बंड्या, मोठ्या कानांच्या उंदराच्या काखेंत बंड्या. चित्रें शंभराच्या वर असतात, आणि पाहून संपलीं तरी त्या कुटुंबाविषयीं आपणांस नवें असें कांहीं कळलेलें नसतें. राजवाडा मात्र तोंडपाठ होतो. यावर उपाय म्हणून कोणी अधिक महागाचा मोबाइल सुचवितो, कोणी चित्र मागाहून उजळ करण्याच्या युक्त्या सांगतो. आमच्या मतें हे सारे उपचार रोग न ओळखतां चालले आहेत. या मंडळींनीं आपल्या माणसांचीं छायाचित्रें काढलेलींच नसतात. उद्यानाच्या मालकानें स्वतःचें जें चित्र आधींच योजून ठेवलें आहे, त्याच्याच प्रती ही मंडळी पदरचे पैसे खर्चून घरीं आणीत असते.

हें विधान ज्यांस कडक वाटेल त्यांनीं या उद्यानांची रचना जरा बारकाईनें पाहावी. डिस्नेलँडचेंच उदाहरण घ्या. तें कॅलिफोर्नियांतील अनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. आणि तें उभारणारे वॉल्ट डिस्ने हे धंद्यानें चित्रपटवाले होते, हें विसरतां कामा नये. प्रेक्षकाची नजर कोठें वळवावयाची हें ज्यांच्या हाडींमांसीं खिळलेलें, त्यांनीं विटामातीचें काम केलें तेंहि त्याच दृष्टीनें. दारांतून आंत जातांच जो मुख्य रस्ता लागतो, त्यावरील इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षां मुद्दाम लहान मापाचे बांधले आहेत, म्हणजे त्या आहेत त्याहून उंच भासाव्या. रस्त्याच्या टोकाचा राजवाडा अवघा ७७ फूट उंच; पण त्याचे दगड वर वर जातांना लहान होत जातात, त्यामुळें तो आभाळास टेकल्यासारखा दिसतो. त्याच रस्त्यावर कोडॅक कंपनीचें कॅमेऱ्यांचें दुकान होतें, आणि फोटो कोठून काढावा हें दाखविणाऱ्या त्या कंपनीच्या पाट्याहि डिस्नेच्या उद्यानांत अनेक वर्षें जागोजाग उभ्या होत्या. याच कंपनीनें १८८८ सालीं जाहिरात केली होती कीं गिऱ्हाइकानें नुसती कळ दाबावी, उरलेलें सारें ती पाहून घेईल. उद्यानानें तिच्यावर कडी केली. दृष्टि कोठें लावावयाची तेंहि ठरवून दिलें. २०१२ च्या जानेवारींत कोडॅकनें दिवाळखोरीचा अर्ज केला, पाट्यांवरील तें नांव गेलें, तरी लोकांचे पाय अजून त्याच ठिकाणीं अडतात.

ज्या पाळण्यांत गाडी उंचावरून एकदम खालीं कोसळते, तेथें पुष्कळ ठिकाणीं उद्यानवाल्यांनीं स्वतःचाच कॅमेरा बसविलेला असतो, व बाहेर पडतांना तें चित्र विकावयास मांडलेलें असतें. ही विक्री आम्हांस आवडत नाहीं. पण न्यायानें बोलावयाचें तर साऱ्या दिवसांतील सर्वांत जिवंत चित्र पुष्कळदां तेंच असतें! बाबांनीं डोळे गच्च मिटलेले आहेत, आईनें एका हातानें चष्मा व दुसऱ्या हातानें बंड्याचा दंड धरला आहे, आणि थोरली ताई, जी "मला भीति वाटते" म्हणून रांगेंत सारा वेळ कुरकुरत होती, ती दोन्ही हात वर करून हंसते आहे. हें चित्र चांगलें कां उतरलें? यंत्रास अक्कल होती म्हणून नव्हे. "इकडे बघा" असें म्हणावयास तेथें कोणी नव्हतें म्हणून.

"इकडे बघ, हंस!" या आज्ञेनें मुलांचा जितका छळ झाला आहे तितका पाढ्यांनींहि झाला नसेल. चार वर्षांचें मूल पाण्यांतल्या बदकाकडे टक लावून पाहत असतें. त्याला बदक हवें आहे, बापास राजवाडा हवा आहे. सात समुद्र ओलांडून येऊन बदक काय पाहतोस, म्हणून त्याला ओढून उन्हाकडे तोंड करून उभें करितात, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जें कांहीं उमटतें त्यास हास्य म्हणावयाचें! आम्ही म्हणतों, बदकाकडे पाहणारें मूलच काढावें. त्यासाठीं बापानें खुशाल गुडघे टेकून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावें. उभ्यानें वरून काढलेल्या चित्रांत टोपी आणि फरशी यांपलीकडे फारसें कांहीं येत नाहीं. मुलाला चित्रासाठीं बोलतें करावयाचें असेल तर "बदक कोठें गेलें?" एवढें विचारावें. उत्तर देतांना त्याचा जो चेहरा होतो तो कोणत्याहि "हंस" पेक्षां शतपटीनें बरा.

मुलांचें एक असो. वडीलधाऱ्यांची दशा याहून वाईट. अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी मुलामुलींनीं आईवडिलांस कांहीं महिने बोलावून घ्यावें आणि त्या मुक्कामांत डिस्नेलँडची किंवा ऑर्लँडोची वारी घडवावी, ही आतां रीतच झाली आहे. हेतु उत्तम. पण चित्रांत आजींच्या वाट्यास काय येतें? टळटळीत दुपारीं, सूर्य डोक्यावर असतां, त्यांस रांगेच्या अगदीं कडेला उभें करितात. वरून पडणाऱ्या उन्हानें डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, आणि मोबाइलचें भिंग जवळून रुंद दृश्य घेतांना कडेच्या वस्तु ताणून दाखवीत असल्यामुळें चेहरा भोपळ्यासारखा पसरतो. घरीं चित्र पाहून आजी म्हणतात, "माझा फोटो मेला कधीं चांगला येतच नाहीं." बिचाऱ्या स्वतःच्या मुखास दोष देतात! त्यांस सावलीच्या कडेस, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावें, चौकटीच्या मध्याकडे घ्यावें, आणि भिंगावर चढलेला बोटांचा ओशटपणा आधीं रुमालानें पुसावा. एवढ्यानें त्याच मोबाइलांत त्यांची मुद्रा प्रसन्न उतरते.

आणि खरें म्हणजे आजींचा दिवस राजवाड्यापुढें गेलेलाच नसतो. तो जातो बांकावर, सर्वांच्या पिशव्या राखण्यांत, झोपलेल्या नातवाचें डोकें मांडीवर घेऊन त्याच्यावर पदराची सावली धरण्यांत. तें चित्र कोणीं काढिलें? आम्हीं असले जितके संग्रह पाहिले त्यांत तें एकदांहि आढळलें नाहीं. आणि वीस वर्षांनीं त्या नातवास सर्वांत हवेंसें वाटेल तें हेंच.

दुसरा अन्याय अगदीं मुकाट्यानें होत असतो. घरांत फोटो काढणारें माणूस बहुधा एकच असतें, आणि तें माणूस चित्रांत नसतें. पुष्कळ घरांतून तें माणूस म्हणजे आई. संग्रह चाळणाऱ्या परक्यास वाटावें कीं या मुलांस आई नाहीं. हात लांब करून स्वतःसकट काढलेलें चित्र हा यावर उपाय नव्हे; त्यांत चार डोकीं एकमेकांस चिकटतात, कोण काय करीत होतें तें दिसत नाहीं. मोबाइल काठीस लावण्याची युक्ति निघाली होती, ती डिस्नेनें २०१५ सालीं आपल्या उद्यानांत बंद केली. आम्हांस त्याचें दुःख झालें नाहीं. मोबाइल तासातासानें दुसऱ्याच्या हातीं द्यावा. दहा वर्षांच्या मुलीच्याहि द्यावा. ती वांकडें काढील, मध्यें बोट आणील. पण आई कपाळावरचा घाम पुसतांना कशी दिसते हें तिच्यावांचून कोण टिपणार?

येथें विरक्त मंडळींचा आक्षेप येतो. ते म्हणतात, हा सारा खटाटोपच कशाला? मोबाइल खिशांत ठेवा आणि डोळ्यांनीं पाहा. हा उपदेश ऐकावयास गोड आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोगहि पुढें करितात. संग्रहालयांत हिंडतांना कांहीं वस्तूंचे फोटो काढावयास व कांहीं नुसत्या पाहावयास सांगितलें असतां, फोटो काढलेल्या वस्तूंची आठवण दुसऱ्या दिवशीं कमी राहिली, हें खरें. पण त्याच प्रयोगाचा उत्तरार्ध हे लोक सोयीस्करपणें गिळतात. ज्यांस वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपावयास सांगितलें, त्यांची आठवण अशी खालावली नाहीं. म्हणजे दोष कळ दाबण्याचा नसून न पाहतां कळ दाबण्याचा आहे, असाच अर्थ आम्ही घेतों. नातवंडाच्या मुठींतली चुरगळलेली तिकिटें टिपावयाचीं तर आधीं ती मूठ दिसावी लागते.

दुसरा आक्षेपक व्यवहारी आहे. तो विचारतो, एवढे पैसे मोजून गेलों, आणि राजवाड्याचा फोटो आणूं नको म्हणतां? आणावा कीं! एक आणावा. तोहि नीट. राजवाड्याच्या पायथ्याशीं माणसें उभीं केलीं म्हणजे माणसें मुंगीएवढीं होतात आणि राजवाड्याचें टोक कापलें जातें. त्यापेक्षां रस्त्यावर बरेंच मागें यावें, मंडळींस कॅमेऱ्यापासून पांचसहा फुटांवर घ्यावें, आणि राजवाड्यास पाठीमागें दूर, लहानसा राहूं द्यावें. त्यास तेवढाच मान पुरे. हें काम सकाळीं दार उघडतांच, गर्दी व ऊन वाढण्यापूर्वीं, उरकून टाकावें. रात्रीच्या आतषबाजीचे तर आमच्या मतें फोटोच काढूं नयेत. आपल्याहून चांगले दुसऱ्यांनीं हजारों काढलेले आहेत. त्या उजेडांत वर पाहणाऱ्या आपल्या माणसांचीं तोंडें मात्र दुसऱ्या कोणापाशीं मिळावयाचीं नाहींत.

ही केवळ परदेशस्थांची व्याधि आहे असें मानण्याचें कारण नाहीं. खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ सालीं उघडलें, तेव्हांपासून आमच्या इकडच्या घरांतूनहि तीच चित्रें, तीच रांग. त्यापूर्वीं, १९८९ सालीं, गोराईस एस्सेलवर्ल्ड सुरू झालें त्या काळीं एका रोलांत बहुधा ३६ चित्रें निघत. बाप मोजून मोजून कळ दाबी. त्या वेळचीं चित्रें फार सरस होतीं असें आम्ही म्हणणार नाहीं. तेव्हांहि लोक खांबासारखेच उभे राहत. पण तीं कागदावर उतरत, मागें कोणी तरी शाईनें तारीख घाली, आणि तीं वह्यांत राहिलीं. आजचीं हजार चित्रें मोबाइल बदलतांच कोठें जातात याचा पत्ता लागत नाहीं. तेव्हां परतीच्या प्रवासांतच बसून ३६ निवडावीं. त्यांत आजींचा बांक, आईचा घाम आणि बदक आहे ना तें पाहावें. कागदावर छापून घ्यावीं, मागें नांवें व तारीख लिहावी. उरलेलीं पुसून टाकावीं. राजवाड्याचीं आधीं.