गोळी सोसते का, हेही विचारा

एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाला रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा त्रास रोज दिसतो, फायदा कधीच दिसत नाही. दाढी करताना कापले तर रक्त लवकर थांबत नाही, दंडावर काळेनिळे डाग उठतात, दात काढायचा तर दंतवैद्य चिठ्ठी मागतात. टळलेला पक्षाघात मात्र कोणालाच दाखवता येत नाही. अशा रुग्णाने परस्पर गोळी सोडली की आपण त्याला बेफिकीर ठरवतो. गोळी त्याला सोसते आहे का, हे आपण कधी विचारले होते?

हा प्रश्न सौजन्याचा नाही, उपचाराचा आहे. वॉर्फरिनने पक्षाघाताचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते. पण त्यासाठी आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान टिकावा लागतो. ॲसिट्रॉमची आज अर्धी, उद्या पाऊण असा हिशेब आणि वर ‘पालेभाजी बंद’ असा सल्ला मिळाला, की माणूस कंटाळतो. खरे तर मेथी-पालक बंद करायची नसते, रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवायचे असते. एवढे नीट सांगितले तरी ओझे हलके होते.

२००९ मध्ये डॅबिगॅट्रानच्या आणि २०११ मध्ये रिव्हरॉक्सॅबान व एपिक्सॅबानच्या मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, आणि आयएनआरची कटकट गेली. रुग्णांचे समाधान मोजणाऱ्या पाहण्यांतही सोयीच्या बाबतीत नव्या गोळ्या सहसा सरस ठरतात. पण वॉर्फरिन चुकले तर आयएनआर चुगली करतो. नव्या गोळीचा डोस चुकला तर नेहमीच्या कोणत्याच रिपोर्टमध्ये ते दिसत नाही, आणि तिचा असर तर दिवसभरात ओसरतो. तिथे रुग्णाला विचारणे हीच तपासणी. रिव्हरॉक्सॅबानची २० मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी घेतली तर जेमतेम दोन-तृतीयांश शोषली जाते. सोमवार, चतुर्थी, एकादशी पाळणाऱ्या आजी त्या दिवशी गोळी कशावर घेतात, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

तरीही रुग्ण खूश म्हणजे सुरक्षित, असे समजू नये. नुसत्या ॲस्पिरिनवर वर्षानुवर्षे समाधानी असलेला रुग्ण पक्षाघातापासून जवळपास उघडाच असतो. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या रुग्णांवरील इन्व्हिक्टस चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय रुग्णही तीत होते. सोयीच्या रिव्हरॉक्सॅबानपेक्षा जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले. इतकेच नव्हे, गोळी कायमची सोडणारेही त्याच गटात कमी होते. आयएनआरच्या निमित्ताने होणाऱ्या नियमित भेटींचा यात वाटा असावा, असे आम्हाला वाटते. मायट्रल स्टेनोसिसच्या रुग्णाची कुरकूर ऐकून गोळी बदलणे म्हणूनच चुकीचे. ती ऐकून भेट, तपासणी आणि डोस सुटसुटीत करणे हे आपले काम.

तेव्हा पुढच्या ओपीडीत प्रत्येक एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाला विचारा: गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या, कशावर घेता, कशाचा जाच होतो, गुडघ्यांसाठी दुकानातून वेदनाशामक आणता का. रागावू नका, नाहीतर खरे उत्तर मिळणार नाही. आणि जे सांगतील ते केसपेपरवर बीपीच्या शेजारीच लिहा.