दुधाचे दात आणि उष्टावण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांवर विणलेल्या चादरी आणि टॉवेल यांनी सोलापूरचे नाव दूरवर पोहोचविले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही लाभले. त्या मागांवर राबणाऱ्या कुटुंबांतील तान्ह्या मुलांच्या दातांचा विषय मात्र क्वचितच कोणाच्या बोलण्यात येतो. ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ ही समजूत कामगार वस्तीत आहे, तशी सुशिक्षितांच्या बंगल्यांतही आहे.

ही समजूत घातक होय. वीस दुधाच्या दातांपैकी मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत मुखात राहतात. त्यांच्याखालीच कायमचे दात घडत असतात. दूधदाढ कीड लागून अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढचे वाकडे येतात. ठणका लागलेले मूल चावत नाही, झोपत नाही. मग त्याचे वजन कसे वाढावे?

रात्रपाळीहून परतलेल्या घरात मूल शांत निजावे म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिली जाते. आईचा दोष काढणे सोपे आहे. तिला उसंत देणारे कोणी आहे का, हा प्रश्न अवघड आहे. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते आणि हिरडीलगत पांढुरका पट्टा उमटतो. या टप्प्यावर कीड थोपविता येते. काळा खड्डा पडल्यावर नाही. बाळाची तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, असे दंतवैद्य सांगतात, ते याचसाठी. शिवाय मिश्री लावणाऱ्या आजीचे अनुकरण नातवंडे करतात, हेही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांच्या वर्षातून दोनदा होणाऱ्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. परंतु उरलेल्या दिवसांच्या रात्री घरच्याच असतात.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते, पहिला दातही साधारण तेव्हाच येतो. चांदीच्या वाटी-चमच्याबरोबर मामाने एक मऊ छोटा ब्रश का आणू नये? त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरे. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. रात्रीचे दूध बिनसाखरेचे असावे, ते पाजून झाल्यावर दात पुसावेत आणि त्यानंतर केवळ पाणी द्यावे. एमआयडीसीलगतच्या वस्त्यांत संस्कारवर्ग चालविणाऱ्या भगिनींनी पुढील उष्टावणाच्या आमंत्रणाला जाताना एवढे सांगून पाहावे.